मान आणि खुंटी

साठी उलटल्यावर माणसाने काय काय करू नये याची एक यादी आमच्या घरी तोंडपाठ आहे. रात्री दही खाऊ नये, चालत्या बसमधून उतरू नये, भावाशी वाटणीचा विषय काढू नये. गिटार करवून घेऊ नये हे कलम मात्र त्या यादीत नव्हते. असा प्रसंग आपल्या घरी उद्भवेल हे कुणाच्या स्वप्नातही आले नसावे!

गिटार विकत घेतो म्हटले असते तर एक वेळ खपले असते. पण मी म्हणालो, 'करवून घेतो.' जसे काही सोनाराकडे पाटल्या टाकायला निघालो होतो. पत्नीने चष्म्यावरून एकदा पाहिले आणि पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. इतक्या वर्षांच्या संसारात या पाहण्याचा अर्थ मला कळू लागला आहे. त्याला संमती म्हणायची.

खरे सांगायचे तर ही हौस जुनी. १९७९ साली वसतिगृहात माझ्या खोलीत एक गोव्याचा मुलगा होता. त्याची गिटार दोन वर्षे त्याच्यापेक्षा माझ्याच मांडीवर जास्त असे. पुढे परीक्षा संपली, तो गेला, गिटारही गेली. मी नोकरीला लागलो. निवृत्त झाल्यावर एकदा बसल्या बसल्या डाव्या हाताची बोटे आपोआप टेबलावर सूर दाबू लागली, तेव्हा कळले, की मी विसरलो होतो, बोटे विसरली नव्हती.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी म्हापशाजवळच्या एका गिटार बनवणाऱ्याकडे जाऊन थडकलो. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. हा मेस्त पस्तिशीचा असेल. फणसाच्या सावलीत त्याची पत्र्याची शेड. आत लाकडाच्या सालपटांचा गोडसर वास. मी मोठ्या ऐटीत खिशातून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. महिनाभर वाचून, विचार करून त्यावर लिहिले होते : मानेची रुंदी ५२ मिलिमीटर, तारेची लांबी ६५० मिलिमीटर, खुंट्या लाकडी.

आपण तंबोऱ्याची दांडी म्हणतो, तिकडचे लोक तिला मान म्हणतात. ५२ ही अभिजात गिटारीची नेहमीची रुंदी. ६५० ही लांबी स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराने रूढ केली. म्हणजे माझ्या कागदात चूक काढायला जागा नव्हती.

मेस्ताने कागद वाचला, घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "काका, हात दाखवा."

"हात? तुम्ही काय भविष्य सांगता?"

तो हसला, पण हात सोडला नाही. बोटांची लांबी मोजली, अंगठा मागे वळवून पाहिला, अनामिकेच्या सुजलेल्या पेरावर हलकेच बोट ठेवले. ते पेर मी पत्नीपासूनही लपवत होतो. मग त्याने भिंतीवरची एक गिटार माझ्या मांडीवर दिली. मी पहिले बोट सहाही तारांवर आडवे दाबले, उरलेली बोटे जागेवर बसवली आणि छेडले. सहांपैकी दोन तारा वाजल्या. बाकीच्या चार नुसत्या खरखरल्या.

"काका, कागदावरचा हात कुणाचा?" त्याने विचारले.

कागदावरचा हात बावीस वर्षांच्या एका मुलाचा होता. मी त्याचे माप घेऊन आलो होतो. तो मुलगा आता कुठे असतो, देव जाणे!

मग आम्ही नव्याने बसलो. मानेची रुंदी ४८ वर आली, लांबी ६३० वर. तार आखूड केली, की त्याच सुरासाठी ताणही थोडा कमी लागतो आणि पडदेही जवळ येतात. दुखऱ्या बोटाला तेवढाच दिलासा. नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे ४० किलोंची ओढ त्या मानेवर कायमची असते. तरी ती अगदी सरळ ठेवत नाहीत. केसभर खोलगट ठेवतात, म्हणजे थरथरणारी तार पडद्यांवर आपटत नाही. जरा वाकल्याशिवाय मानेला सूर नाही, हे ज्ञान मला सरकारी नोकरीत झाले असते तर दोन बढत्या तरी लवकर मिळाल्या असत्या.

लाकडाच्या फळ्या त्याने पुढे मांडल्या. एक महोगनी, एक अमेरिकेतला सीडर आणि एक तांबूस, हलकी. ती मी नाकाशी नेली आणि एकदम चाळीस वर्षे मागे गेलो.

"तुणीचं लाकूड," तो म्हणाला. "मिरजेला तंबोऱ्याच्या दांड्या याच्याच करतात. ही तिन्ही एकाच कुळातली. आपला कडुनिंबही त्यातलाच."

१९६१ साली मिरजेहून आणलेला आईचा तंबोरा आमच्या माजघरात असे. मी तुणीवर बोट ठेवले. "हलकी आहे, आत कार्बनची पट्टी बसवतो," मेस्त म्हणाला. मान ठरली.

राहिल्या खुंट्या. येथे मी हटून बसलो. गिटारीलाही पूर्वी लाकडीच खुंट्या असत आणि स्पेनमधल्या फ्लामेंको वाजवणाऱ्यांनी पेचाच्या खुंट्या आल्यानंतरही कितीतरी काळ त्या सोडल्या नाहीत, हे मी त्याला ऐकवले. त्याने वाद घातला नाही. एका ठोकळ्यावर दोन तारा लावलेल्या होत्या, एक लाकडी खुंटीवर, एक पेचाच्या. तो ठोकळा त्याने माझ्या हाती दिला.

लाकडी खुंटी नुसत्या घर्षणावर उभी असते. पिळायची आणि पिळता पिळता आत दाबायची. दाब कमी पडला, की तार तिला मागे फिरवते. पेचाच्या खुंटीत मळसूत्र चाकाला फिरवते, पण चाकाला मळसूत्र फिरवता येत नाही. कळीच्या १६ फेऱ्या, तेव्हा रुळाची एक. मी लाकडी खुंटी पिळली, सूर चढवला, हात काढला. खुंटी सर्रकन मागे आली.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

रोज संध्याकाळी आई तंबोरा लावायला बसे. बाहेरून आम्ही विचारायचे, "लागला का गं?" ती म्हणायची, "लागेल." १९८६च्या सुमारास तिच्या मनगटांतली शक्ती गेली. पंचम चढवायचा, हात काढायचा, की सर्रर्र. तिने खुंटीला खडू लावून पाहिला, फडक्यात धरून पाहिली. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असे. माझी मनगटे तेव्हा चांगली भक्कम होती. पाच मिनिटांचे काम. तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. मग एक दिवस तंबोऱ्यावर खोळ चढली ती कायमची. "गळा बसला आता," असे ती लोकांना सांगे. गळा बसला नव्हता. ओट्याशी ती गुणगुणायची, ते मी ऐकले होते.

मेस्त माझ्याकडे पाहत होता. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आता तंबोऱ्यालासुद्धा असल्या खुंट्या बसवून मिळतात, काका."

मी काही बोललो नाही. पेचाच्या खुंट्यांवर बोट ठेवले. मोठ्या कळीच्या द्या म्हणालो, धरायला सोप्या.

नवरात्रात गिटार घरी आली. मान तुणीची, खुंट्या पेचाच्या. पहिल्या संध्याकाळी मी ती लावायला बसलो. कळ थोडी फिरवायची, ऐकायचे, पुन्हा थोडी फिरवायची. घाई नाही. हात काढला तरी सूर जागचा हलत नव्हता.

स्वयंपाकघरातून पत्नीने विचारले, "लागली का?"

"लागली," मी म्हणालो.