थोडीशी कणकण

शाळेंत शिकवितां शिकवितां माझ्या डोळ्यांस एक संवय जडली आहे. प्रार्थनेच्या वेळीं रांगांवरून नजर फिरवितांना कोणाचे डोळे जड आहेत, कोणाचा चेहरा उतरला आहे, हें आपोआप ध्यानांत येतें. अशा मुलाच्या कपाळाला हात लावावा, तों तें घाईघाईनें म्हणतें, "बाई, मला कांहीं झालें नाहीं." हें उत्तर घरीं पढविलेलें असतें, हें मी जाणतें, परंतु त्या माउलीला दोष देण्यास माझें मन धजत नाहीं. तिला कामावर हजर व्हावयाचें असतें, पतीचीही तीच स्थिति. घरीं आजी नाहीं, शेजारच्या दाराला कुलूप. मग सकाळीं सात वाजतां पॅरासिटॅमॉल पाजून मुलाला पाठवितात. त्या औषधाचा अंमल चार ते सहा तासच टिकतो. मधल्या सुटीच्या सुमारास ताप पुन्हां चढूं लागतो.

आमच्या वसतिगृहांतील मुलाला पडसें झालें, तर त्याच्यासाठीं स्वतंत्र खोली आहे. मेट्रनबाई त्याला ऊन ऊन पेज देतात, ताप मोजतात, आणि दोन दिवसांनीं तें हंसत वर्गांत येतें. त्याच वर्गांत घरून येणाऱ्या मुलाला मात्र अशी खोली कोठेंच नाहीं. हा भेद माझ्या मनाला नेहमीं टोंचतो.

शाळेच्या वयाहून लहान मुलांची अडचण याहून मोठी. त्यांना वर्षांतून सहा ते आठ वेळां पडसें होणें ही साधारण गोष्ट आहे. दर खेपेस दोनच दिवस धरले, तरी बारा ते सोळा दिवस होतात. रोजावर काम करणाऱ्या आईची तितकी मजुरी बुडते. पाळणाघरांतील बाईंनीं मूल परत पाठविलें, तर त्यांना तरी काय म्हणावें? दहा मुलें संभाळतांना एकालाच मांडीवर घेऊन कसें बसावें?

कष्टकरी आईची ही विवंचना जुनी आहे. गेल्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कित्येक स्त्रिया तान्ह्या मुलांस अफूची गोळी देऊन निजवीत असत. पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचें बंधन घातलें, आणि १९७६ मध्यें ती संख्या तीसवर आणली. २०१७ मध्यें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनाही तें लागू झालें, व आईला दिवसांतून चार वेळां मुलास भेटण्याची मुभा मिळाली. हीं पावलें मोलाचीं खरीं. पण त्यांत विचार झाला तो धडधाकट मुलाचा.

परदेशांत या प्रश्नाचीं दोन उत्तरें आढळतात. स्वीडनमध्यें आजारी मुलाजवळ राहण्यासाठीं आईला किंवा बापाला, एका मुलामागें वर्षांतून १२० दिवसांपर्यंत, वेतनाचा मोठा भाग मिळून घरीं थांबतां येतें. जपानमध्यें कित्येक बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांस लागून अशा मुलांच्या खोल्या असतात, आणि तेथें परिचारिका व बालसंगोपन जाणणाऱ्या शिक्षिका असतात. आजारी मुलाला आईबापच हवे असतात, म्हणून पहिला मार्ग मला अधिक श्रेयस्कर वाटतो. परंतु चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या बाईला भरपगारी रजा कोण देणार? तिच्यासाठीं दुसराही मार्ग हवाच.

अशा खोलीला फार थाटमाट नको. हवा व उजेड, थोड्या खाटा, अनुभवी परिचारिका, आणि घरून आणलेली मुलाची स्वतःची चादर. मूल बरें असतांनाच त्याला एकदोनदां तेथें नेऊन आणावें, म्हणजे तापांत अनोळखी चेहरा पाहून तें भेदरणार नाहीं. गोवर व कांजिण्या झालेल्या मुलांना इतरांत मिसळूं देऊं नये. मूल धापा टाकीत असेल, पाणी पीत नसेल किंवा ग्लानींत असेल, तर खोलीचा विचार सोडून तत्काळ डॉक्टर गांठावा. बाकी साध्या पडशाला विसावा, पातळ अन्न आणि मायेची देखरेख यांहून अधिक कांहीं लागत नाहीं.

पालकहो, ज्या वस्तींत लग्नकार्यासाठीं सभागृह उभें राहतें, तेथें अशी एक खोली उभी राहणें अशक्य आहे काय? शाळा, मंडळें व दवाखाने यांनीं मनावर घेतलें, तर हें काम फार खर्चाचें नाहीं. आज आपलीं मुलें गणिताच्या आधीं आजार लपविण्यास शिकत आहेत. आजारी पडणें हा अपराध नव्हे, इतकें तरी त्यांना आपल्या वागण्यांतून कळलें पाहिजे.