फोर्टमधील दोन ग्रंथालये

मुंबईच्या फोर्ट भागात समाजबांधवांनी मुलाबाळांसह पाहावीत अशी दोन ग्रंथालये आहेत. विहाराच्या वाचनालयाचे आम्ही काही कार्यकर्ते एका शनिवारी दोन्हीकडे पायीच फिरलो.

पहिले टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे. संस्था १८०४ सालची, इमारत १८३३ ची. उंच पायऱ्या, भव्य खांब, आत साहेबलोकांचे पुतळे. येथे पहिला हिंदी सभासद घेतला गेला तो १८४० साली. याच संस्थेच्या संग्रहात आपला ठेवा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा निघालेले करंडक, सोन्याची फुले, आठ बुद्धमूर्ती आणि भिक्षापात्राचे तुकडे येथे आले.

अशा जुन्या ग्रंथालयांत आपले आजे-पणजे भेटतात ते साहेबाच्या लेखणीतून. एन्थोव्हेनसाहेबांच्या मुंबई इलाख्यातील जातीजमातींवरील ग्रंथाचा पहिला खंड १९२० चा. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. एकात आपल्याविषयी लिहिले आहे. दुसऱ्यात आपण स्वतः बोललो आहोत.

नोंदीच्या पद्धतीतही हाच भेद. अमेरिकेच्या ड्यूई यांनी १८७६ साली काढलेली दशांश पद्धत आजही अनेक ग्रंथालयांत चालते. तिच्यात धर्मासाठी २०० ते २९९ आकडे आहेत. त्यांतील २२० ते २८९ बायबल व ख्रिस्ती धर्माला. जगातले बाकीचे बहुतेक सगळे धर्म २९० ते २९९ मध्ये. बौद्ध धम्म २९४.३! आम्ही हिशेबाची माणसे. एकाला सत्तर खाती आणि इतरांना मिळून दहा ‘किरकोळ’, अशी खातेवही कोण मान्य करील?

दुसरे ग्रंथालय बुद्ध भवनातील सिद्धार्थ महाविद्यालयाचे. महाविद्यालय १९४६ साली सुरू झाले. बाबासाहेबांच्या संग्रहातील ग्रंथ येथे आहेत. साहेबांची पुस्तके त्यांनी फेकून दिली नाहीत. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या आणि आपले म्हणणे मांडले. आपल्यालाही हाच मार्ग आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, घरातल्या ट्रंका उघडा. जुने अंक, जलशाच्या वह्या, सभांची पत्रके, दीक्षेच्या वेळचे फोटो रद्दीत घालू नका. विहाराच्या वाचनालयात आणा. नोंदवहीत गीत लिहिणाऱ्याचे नाव, गाव, साल लिहा. फोटोतल्या बायांची नावे आजीला विचारून घ्या. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर भागवू नका. आपली नोंद आपल्या हाताने झाली पाहिजे.