परतीचे बोट

मनोरीला येणारा पाहुणा आधी समुद्र बघतो, आम्ही मनोरीकर आधी बोटीची वेळ बघतो. मार्वेहून सुटणारी शेवटची फेरीबोट चुकली, की खाडीपलीकडे समोर दिसणारे घर गाठायला भाईंदर, उत्तन, गोराई असा वळसा पडतो. त्यामुळे कशालाही हात घालण्याआधी ‘परतीचे काय?’ हे विचारायची आम्हाला खोड. माझ्या भाच्याला ती नाही. तो मालाडला राहतो.

त्याने माझ्या लिनक्सवाल्या संगणकावर ‘कीडी’ बसवले. कळांची कामे बदलून देणारा हा डीमन. नाव ऐकून आमची ही म्हणाली, ‘‘माडांची कीड कमी होती म्हणून आता यालाही?’’ डीमन म्हणजे पडद्यामागे गुपचूप राबणारा प्रोग्राम. 1963 च्या सुमारास एमआयटीतल्या मंडळींनी हे नाव मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, रेणू निवडत बसणाऱ्या भुतावरून घेतले. आपण वेताळ म्हणू. सांगाल ते निमूट करतो; चुकीचे सांगाल तर तेही निमूट करतो.

काम तसे रास्त होते. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नाहीत, तरी कॅप्स लॉक करंगळीशेजारी पाटलासारखा ऐसपैस बसलेला! त्याला कंट्रोलच्या कामाला जुंपायचे. एका ओळीचा मामला. पण भाच्याचे हात शिवशिवले आणि त्याने आणखी दहा ओळी ठोकल्या. वर संगणक सुरू होताच वेताळाने उठावे अशी सोयही करून ठेवली.

आता हा उठतो पासवर्ड विचारण्याच्या आधी. पासवर्डच्या चौकटीत अक्षरे दिसत नाहीत, नुसते ठिपके. कोणती कळ काय उमटवतेय, देव जाणे. सोमवारी सकाळी मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या कोट्याची यादी द्यायची, यादी ठिपक्यांच्या पलीकडे, आणि भाचा मलाच सांगतोय, ‘‘मामा, तुम्ही पासवर्ड विसरलात.’’ किल्ली कपाटात आणि कपाट बंद!

सुदैवाने कीडी लिहिणाऱ्याला मनोरीची अक्कल होती. बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकदम दाबले, की वेताळ जागच्या जागी आटोपतो आणि कळा मूळ स्वभावावर येतात. मी माहितीपत्रक वाचले होते. (निवृत्त माणूस काहीही वाचतो.) तीन बोटे ठेवली, यादी निघाली.

मग त्याच्याकडून सगळे नव्याने करून घेतले. वेताळ फक्त लिनक्सच्या अधिकृत भांडारातून आणायचा, कारण पासवर्डसकट प्रत्येक कळ त्याच्या हातून जाते. ‘डिफॉल्ट डॉट कॉन्फ’ या फाइलीची आधी एक प्रत. ‘आयडीज’खाली भाच्याने फुली, म्हणजे झाडून सगळे कळफलक, लिहिले होते, तिथे ‘कीडी मॉनिटर’ने दाखवलेला एकाच कळफलकाचा क्रमांक घातला. ओळ एकच. वेताळाला हाताने उठवायचे, दोन दिवस नीट वागला तरच कायम नेमणूक. तोवर बिघडलाच, तर संगणक बंद करून चालू केला की तो आपला झोपलेला.

वेताळाला ठाऊक नसलेला जुना कळफलक मी टेबलाखाली जोडूनच ठेवला आहे. ही त्यावर सुकटीची परडी ठेवते, एवढेच.