क्लोरीनची कैफियत

लातूर,
मे महिन्याचा दुसरा रविवार

चि. मुक्ता,

तुझे पत्र काल दुपारी पोचले. परंतु त्यातील तुझ्या परीक्षेचा आणि ताईच्या गुडघ्याचा मजकूर मी अद्याप धड वाचलेला नाही, कारण 'मामा, जन्मभर तुम्ही ज्या क्लोरीनची तरफदारी केलीत त्यानेच माझ्या केसांचे वाटोळे केले. आता पोहणे तरी सोडते, नाहीतर केस तरी कापून टाकते' या तुझ्या वाक्यापाशी माझी नजर जी अडली ती तिथून हलेना. ज्याची उमर पाणीपुरवठ्याच्या दप्तरात गेली, किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ च्या त्या ओल्या ऑक्टोबरात ज्याने ब्लीचिंग पावडरची पोती पत्र्याच्या शेडांपर्यंत पोचवली, आणि २०१६ सालच्या दुष्काळात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी उतरताना ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याने असा एकतर्फी निकाल मुकाट्याने ऐकून घ्यावा अशी तुझी अपेक्षा असेल तर तू मामाला ओळखलेच नाहीस.

आरोपीची कैफियत अशी आहे. पिण्याच्या पाण्यात नळापाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा आपल्या मानकाचा दंडक आहे. पोहण्याच्या तलावात तो साधारणपणे एक ते तीन मिलिग्रॅम राखावा लागतो, कारण उघड्यावरच्या पाण्यातला क्लोरीन ऊन झपाट्याने खाऊन टाकते आणि उरलेला, आंघोळ न करता धपाधप उड्या घेणाऱ्या मंडळींच्या घामात व त्याहून अनुच्चारणीय द्रव्यांत खर्ची पडतो. तू ज्याला क्लोरीनचा उग्र वास म्हणतेस तो बहुतांशी याच संयोगातून उपजलेल्या क्लोरामाइनचा असतो, म्हणजे तक्रार करायची तर ती माणसांची करावयास हवी. केस हिरवे होतात हाही त्याच्यावरचा खोटा आळ आहे; तो रंग तांब्याचा, शेवाळ मारण्यासाठी टाकलेल्या मोरचुदाचा, आणि तोही फिक्या केसांवरच नजरेस येतो. क्लोरीन केसांवरचे नैसर्गिक तेल धुऊन नेतो व त्यांचे बाह्य आवरण खरखरीत करतो, एवढा गुन्हा मला कबूल आहे. पण केवळ एवढ्याने तुझी वेणी तागासारखी पिंगट झालेली नाही.

ती झाली आहे उन्हाने! ताईने फोनवर सांगितले ते खरे असेल तर तू तलावातून निघतेस ती ओले केस मोकळे सोडून, अकराच्या उन्हात, स्कूटीवरून वाऱ्यावर वाळवत घरी येतेस. मुली, नांदेडचे ऊन म्हणजे काय चीज आहे हे तुला मी सांगावे? लातूर निदान बालाघाटच्या पठारावर आहे, रात्री थोडा तरी जीव निवतो. तुमच्या गोदाकाठी मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. केसातील काळे द्रव्य, मेलॅनिन, हे ऊन स्वतःच्या अंगावर घेऊन आतील प्रथिनाचे रक्षण करते आणि त्या भरात स्वतः नष्ट होते. ते संपले की पिंगटपणा दिसू लागतो आणि पुढचा वार थेट प्रथिनावर पडतो. त्यातून केस ही निर्जीव वस्तू. मुळाशी महिन्याकाठी सेंटीमीटरभर, फार तर किंचित अधिक वाढते तेवढेच काय ते सजीवाचे काम. तुझ्या दोन फुटी वेणीचे टोक चार-पाच वर्षांपूर्वी उगवलेले आहे आणि तितके उन्हाळे त्याने सोसलेले आहेत. त्याची जखम भरून काढण्याची हमी देणाऱ्या बाटल्यांच्या जाहिरातींवर वडिलांचे पैसे घालवू नकोस.

मला खरा संताप येतो तो बोडक्या डोक्यांचा. आपल्या मराठवाड्यात उघड्या डोक्याने शेतावर जाणारा माणूस मी लहानपणी पाहिला नाही. पुरुषाला पटका, निदान रुमाल, बाईला पदर, आणि त्यात रूढीचा भाग असला तरी उन्हाचा बंदोबस्तही होताच. तुमच्या शहरात तर दाखला घरासमोर आहे. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याने जाणारे शीख बांधव जन्मभर केस कापत नाहीत, पण ते उन्हातही सोडत नाहीत. दस्तार बांधलेली असते आणि फणी लाकडाची असते. रोज तो रस्ता ओलांडून तू क्लासला जातेस आणि मामाला लातुरास पत्र लिहून उपाय विचारतेस! शेजारणीला विचारले असतेस तरी चालले असते.

आता तजवीज सांगतो. तलावात उतरण्यापूर्वी केस साध्या नळाच्या पाण्याने चिंब भिजव. आधीच पाणी प्यालेला केस तलावाचे पाणी कमी घेतो. मग बोटभर खोबरेल, जास्त नको, तलावात तवंग आणून तेथील माणसाच्या शिव्या खाऊ नयेस. वेणी, आणि वर सिलिकॉनची टोपी. टोपीने पाणी पूर्ण अडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. खोबरेलच का, तर २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल यांची तुलना केली, तेव्हा प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी केली; त्यातील लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते. खोबरेल विकणाऱ्यांनीच दिलेली ही साक्ष आहे असे तू म्हणशील, आणि तो संशय रास्त आहे, तरी युक्तिवाद मला पटतो. आजीची लाडकी करडई सूर्यफुलाच्याच कुळातली. तिला फोडणीत राहू दे.

बाहेर येताच पुन्हा साधे पाणी, पण एका बादलीत भागव; २०१६ पाहिलेल्या घरातली तू आहेस. बोरच्या क्षाराच्या पाण्यात साबण लावू नकोस, त्याचा दह्यासारखा थर केसांवर बसतो. पंचाने खसाखसा पुसू नकोस. ओला केस ताणला जाऊन तुटतो. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर ये, आणि मग डोक्याला स्कार्फ. स्कार्फावाचून स्कूटीला किल्ली लावायची नाही, हा हुकूम समज. शक्य असेल तर सकाळी सहाची तुकडी माग. तलावावरच्या बाईंना दरखास्त मी लिहून देतो.

केस कापायचे तर खुशाल काप, तो तुझा अधिकार आहे. पोहणे मात्र सोडायचे नाही. आपल्या घराण्यात पाण्याला न भिणारी तू पहिली. पण जिच्या काळजीने मला रात्री झोप लागली नाही अशी एक गोष्ट लिहितो. तुझ्या मैत्रिणी म्हणे आता तलावाऐवजी नदीवर जाऊ म्हणतात, तिथे क्लोरीन नाही म्हणून. त्यांच्याबरोबर जाऊ नकोस. वाळूच्या उपशाने गोदावरीच्या पात्रात खोल खड्डे पडले आहेत, आणि ते वरून दिसत नाहीत. उलट टपाली होकार कळव.

तुझा,
मामा