असईच्या सेनापतीच्या गावी

शहागंजातून निघालेला माणूस विलायतेला पोहोचला की त्याला प्रथम लंडन दाखवतात. आम्हांलाही दाखवले. राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे, सगळे यथासांग झाले. पण खरी मौज आली ती चिरंजीवांनी मोटार खेड्यांकडे वळवली तेव्हा.

चिरंजीव गेली अकरा वर्षे रेडिंगला असतात. सूनबाई नागपूरच्या. नातू आठ वर्षांचा. मराठी सारे समजते, बोलतो मात्र आजीपुरते. पुढे आम्ही बापलेक, मागे ही तिघे आणि सौ.च्या मांडीवर धपाट्यांचा डबा, असा सरंजाम निघाला.

महामार्ग सोडला की तिथले रस्ते आपल्या पाणंदीएवढेच अरुंद. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची झुडपांची कुंपणे. समोरून मोटार आली की एकाने मागे सरकून जरा रुंद जागा गाठायची, दुसऱ्याने जाताना हात वर करून आभार मानायचे. शहागंजच्या बाजारातही अशा वेळी हात वर होतात. हेतू निराळा असतो! आकाशात घारी फिरत होत्या. इंग्लंडातून ही तांबूस घार पार नाहीशी झाली होती. 1989 पासून स्पेनहून पिल्ले आणून ती या भागात पुन्हा वसवली म्हणे. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. खाजगी शेतांमधून जुन्या पायवाटा जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने कुणालाही असतो. आमच्याकडे शिवरस्त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

रेडिंगच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर स्ट्रॅटफील्ड से नावाची हवेली आहे. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या वेलिंग्टनसाठी राष्ट्राने 1817 साली ही जहागीर घेतली. उन्हाळ्यात काही दिवस ती लोकांना पाहू देतात. आता या वेलिंग्टनशी आमचा संबंध काय? तर सौ.चे माहेर भोकरदनचे, आणि तिथून जवळच असई. 23 सप्टेंबर 1803 रोजी हाच गृहस्थ, तेव्हाचा चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, औरंगाबादेवरून पुढे सरकत असईला पोहोचला. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची प्रचंड फौज. केळणेला उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. पण नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावे दिसताच त्याने ताडले, की यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असणारच. उतार सापडला आणि लढाईही त्याने जिंकली. मात्र त्याची दीड हजारांवर माणसे ठार-जखमी झाली, कारण शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत; पुष्कळजण तोफांपाशीच कापले गेले. पुढे म्हातारपणी, तुमची सर्वांत उत्तम लढाई कोणती, असे विचारल्यावर त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले असे सांगतात.

हवेलीच्या आवारात त्याच्या घोड्याची कबर आहे. कोपनहेगन हा वॉटर्लूचा घोडा 1836 साली मेला, तेव्हा त्याला लष्करी इतमामाने पुरले. वर दगड आहे, झाडाची सावली आहे. सौ. बराच वेळ पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "घोड्याचंसुद्धा नाव लिहून ठेवलंय. आमच्या त्या गोलंदाजांची नावं कुणी लिहिली?"

नातवाने विचारले, "आजी, तू कोणाच्या बाजूची?"

"मी भोकरदनची रे बाबा."

"आणि मी?"

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, नवऱ्याने माझ्याकडे. मी घारीकडे पाहिले. त्याला उत्तर कोणीच दिले नाही, आणि पुढचे अर्धा तास पोरगे मोटारीत गप्प होते.

स्टोनहेंज वाऱ्यात घाईने उरकले. मोठ्या शिळा सरासरी पंचवीस टनांच्या, पण वेरूळच्या कैलासाजवळ वाढलेल्याला दगडाचे नवल बेतानेच वाटते. त्यापेक्षा बायबरी मनात राहिले. ओढ्याकाठची ती दगडी घरांची ओळ मूळची चौदाव्या शतकातली, लोकर साठवायची. सतराव्यात तिथे विणकर राहू लागले. आमच्या गावचे हिमरूचे माग मला आठवले. इथे विणकर गेले तरी घरे जपली आहेत.

तिथे बसून धपाटे खाताना चिरंजीवांनी विषय काढलाच. "बाबा, आता तुम्ही दोघंच शहागंजात कशाला राहता? घराला गिऱ्हाईकही आलंय ना?"

गिऱ्हाईक आले आहे हे खरे. किंमतही बरी सांगतो. मी उत्तर जुळवत होतो, तोच नातू म्हणाला, "बाबा, ती नदी अजून आहे? जिथे वाट सापडली?"

"आहे. पावसाळ्यात पाणीही असतं," सौ. म्हणाली.

"मग आधी मला दाखवा."

डिसेंबरच्या सुट्टीची तिघांची तिकिटे निघाली आहेत. गिऱ्हाईकाला संक्रांतीनंतर या म्हणून सांगितले आहे.