बापाचं नाव, गावाचं नाव

कोकणातल्या आणि साताऱ्याकडच्या काही गावांत एक संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गावातून किती जण गेले, किती मेले, एवढंच तिच्यावर असतं. नाव एकही नाही.

'पणजोबा बसऱ्याला गेले, परतले नाहीत' एवढंच ठाऊक असलेली माणसं माझ्याकडे येतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मी आडनावाने शोध सुरू करत नाही. कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलेलं असतं. १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांचं आडनावसुद्धा राजपत्रात 'जाधाओ' झालं. कित्येकांचं तर आडनाव लिहिलेलंच नाही. शिपाई आणि त्याचा बाप, बस्स. म्हणून मी आधी विचारतो, पणजोबांच्या वडिलांचं नाव काय? वाडी कुठली, तेव्हाचा तालुका कुठला? नोंदीत शेवटी 'बॉम्बे' दिसलं की लोक मुंबईत शोधू लागतात. तो मुंबई इलाखा. आणि खेड रत्नागिरीत आहे तसं पुणे जिल्ह्यातही आहे.

मग पलटण. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. त्या पलटणींतल्या शिपायाच्या मृत्यूची तारीख त्यानंतरची असेल, तर तो तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता घरच्यांना सांगावी लागते. त्या कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं होतं. हे मी फोनवर सांगत नाही, समोर बसून सांगतो.

बसऱ्याच्या स्मारकाने चाळीस हजारांहून अधिक मृतांची आठवण जपली आहे. ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा. २०२१ मध्ये कमिशनने ही विषमता जाहीरपणे मान्य केली. मला त्याचा राग येतो, आजही. पण या शिपायांच्या कागदावरच्या याद्यांमधली पुष्कळ नावं आता त्याच संकेतस्थळावर वाचता येतात.

म्हणून एका घरासाठी शोधताना त्या गावची सगळी नावं मी उतरवून घेतो. पाटीवर मेलेले सहा असतील आणि सापडले चारच, तर उरलेल्या दोघांसाठी गावाच्या नावाची आणखी स्पेलिंगं टाकून बघतो, शेजारचा तालुकाही चाळतो, आणि शिपायांच्या यादीत कुणी नसेल तर खेचरं हाकणाऱ्यांच्या आणि भिश्त्यांच्या नोंदींकडे वळतो.