वासाची डोलकाठी

स्टॉकहोमच्या संग्रहालयांत ‘वासा’ पाहिलें. (नांव ऐकून आपल्या छपराचा वासाच आठवतो!) १६२८ सालीं पहिल्याच सफरींत बुडालेलें हें जहाज १९६१ सालीं वर काढलें. जवळच त्याची एक-दशांश प्रतिकृति आहे. लोक शिडें पाहत होते. मी डोलकाठी डेकमध्यें शिरते तें भोंक न्याहाळीत होतों. घरीं नातवाच्या खेळण्यांतील जहाजाची काठी मीं डेकवरच सरसानें चिकटविली होती. दोर ताणतांच ती कलली व नातू हिरमुसला. खरी डोलकाठी डेक भेदून तळाच्या कण्यावरील खांचेंत उभी असते. भोंक किंचित् मोठें, आणि फटींत सभोंवार लांकडी पाचरी ठोकलेल्या. भार कणा पेलतो, हेलकावा पाचरी आवरतात. परततांच ती काठी उपटून तळापर्यंत नेली. पाचरी मात्र नातवानें ठोकल्या.